वारसनोंद

मराठीत 'विकत' हा मोठा निर्धास्त शब्द आहे. एखादी वस्तू विकत घेतली असे म्हटले, की देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा संबंध तिथेच संपतो. मंडईतून वांगी आणली, तर त्यांचे भरीत करायचे की भाजी, की ती तशीच टोपलीत सुकू द्यायची, हे विचारायला भाजीवाली रात्री दारात येत नाही. पैसे तिचे, वांगी माझी. या निर्धास्तपणाचे मोल कळायचे असेल, तर विकत नसलेल्या वस्तूंसाठी आपल्या भाषेने किती शब्द करून ठेवले आहेत ते पाहावे. उसने आहे, भाड्याचे आहे, गहाण आहे, तारण आहे. जमीन खंडाने असते, अर्धेलीने असते. लग्नात घालायला शेजारणीकडून मागून आणलेला हार असतो. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण यातला कुठला शब्द कुठे लावायचा यात तिची कधी गफलत झाली नाही. शब्द चुकला तर वस्तू जाते, हे ती जाणून होती.

गेली काही वर्षे मात्र या 'विकत'चे पाय लटपटू लागले आहेत. पडद्यावरच्या दुकानात गाण्याखाली, चित्रपटाखाली, पुस्तकाखाली 'खरेदी करा' असे एक बटण असते. आपण ते दाबतो, पैसे जातात, वस्तू आपली झाली असे आपण समजतो. ती आपली झालेली नसते. मला हे कळायला माझ्या वडिलांची एक वही कारण झाली.

नाना एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. सातारा जिल्ह्यातल्या तीन-चार स्थानकांवर त्यांची सारी नोकरी झाली. कोणती गाडी किती वाजता सुटली आणि का उशिरा सुटली हे लिहून ठेवण्याची सवय अंगात इतकी मुरलेली, की तीच त्यांनी पुस्तकांना लावली. १९६५ साली घेतलेल्या पहिल्या पुस्तकापासून त्यांची एक लांबट वही होती. तिच्यात अनुक्रम, तारीख, पुस्तकाचे नाव, लेखक, किंमत आणि शेवटी 'कोठून' असे रकाने आखलेले. त्या शेवटच्या रकान्यात मोठी मौज असे. 'अप्पा बळवंत चौक.' 'फोर्टातला फुटपाथ.' 'रद्दीवाला, कोरेगाव, वजनावर.' एका ठिकाणी 'गाडीत विसरलेले, तीन महिने वाट पाहून.' त्यापुढे किमतीच्या रकान्यात फुली.

नानांच्या संग्रहातली निम्मी पुस्तके आधी दुसऱ्या कोणाची तरी होती. पहिल्या पानावर विवाहानिमित्त सप्रेम भेट असे लिहिलेली कादंबरी रद्दीत कशी आली असेल, यावर आमच्याकडे जेवताना चर्चा होई. आई म्हणे, बाईला वाचायला वेळ मिळाला नसेल. नाना म्हणत, नवऱ्याने विकली असेल. माझ्या पहिल्या कादंबरीचे बीज त्या जेवणातच पडले. पण ते असो. माझे शिक्षण म्हणाल तर दहावी आणि वर चित्रकलेची पदविका. हायस्कुलात मला सगळे 'चित्रकलेच्या बाई' म्हणतात आणि ते बरोबरच आहे. बाकीचे जे काही मला येते, ते त्या वहीतल्या अकराशे सहा पुस्तकांमुळे.

अकराशे सहाव्या पुस्तकाशी नाना थांबले. मोतीबिंदू काढून झाला होता, पण आतला पडदाच झिजत चालला होता. छापील अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग दिसे. वर्षभर ते नुसते बसून असत. वाचणाऱ्या माणसाला वाचता येईनासे झाले, की तो घरात कुठे बसला आहे हेही कळत नाही, इतका तो गप्प होतो. मग माझ्या भाच्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, एक टॅबलेट आणला आणि त्यावर पुस्तकांचे दुकान उघडून दिले.

"आजोबा, यात अक्षर पाहिजे तेवढे मोठे होते."

"एस.टी.च्या पाटीएवढे होते का?"

"होते."

"मग आण."

पडद्यावर जेमतेम सात-आठ ओळी मावत. पण नाना वाचू लागले. पैसे मात्र नातवाला देऊ दिले नाहीत. पेन्शनच्या खात्यातूनच जायला हवेत हा हट्ट. आणि वही पुन्हा निघाली. मी शाळेतून जाड टोकाचे काळे मार्कर नेऊन दिले होते. त्यांनी दोन-दोन ओळी व्यापणाऱ्या थोरल्या अक्षरांत त्यांनी लिहिले: ११०७. तारीख, नाव, लेखक, किंमत. 'कोठून' या रकान्याशी क्षणभर अडले, आणि लिहिले 'हवेतून'.

पाच वर्षांत अशी एकेचाळीस पुस्तके हवेतून आली. 'वरीलप्रमाणे' लिहिण्याचा त्यांना तिटकारा. एकेचाळीस वेळा त्यांनी 'हवेतून' असेच लिहिले. मी पुढे बेरीज केली, ती सहा हजार दोनशे चाळीस रुपये भरली.

पुस्तकात पेन्सिलीने टिपणे करायची नानांची जुनी खोड. टॅबलेटवर ती बोलून करता येतात हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला! ओळीवर बोट दाबून धरायचे, मग बोलायचे. यंत्र लिहून घेते. ते काय ऐकेल याचा भरवसा नसे. एका कादंबरीचा नायक मध्यरात्री एस.टी.ने गावी पोहोचतो, तिथे नाना म्हणाले होते, "अशक्य. या मार्गावर तेव्हा मुक्कामी गाडी नव्हती." यंत्राने लिहिले होते, "मुक्या मामी गाडी नव्हती." हे त्यांनी मला फोन करून तीनदा ऐकवले आणि तसेच राहू दिले. कुठे 'हिला आवडले असते' असे असे, तेव्हा आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. आणि कुठे नुसते 'माईला विचारणे.' माई म्हणजे मी.

तीन वर्षांपूर्वी, एक्याऐंशीव्या वर्षी नाना गेले. व्यवहार म्हणून जे करायचे ते आम्ही भावंडांनी रीतसर केले. आमच्यात भांडण होण्यासारखे काही नव्हते आणि झालेही नाही. बत्तीस गुंठे जमीन होती; वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिला, नोटीस निघाली, पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला आणि सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावे लागली. आपल्याकडच्या सरकारी कामाला नावे ठेवणे सोपे आहे, पण माणूस मेल्यावर त्याच्या मालकीचे काय होते, याचे उत्तर त्या कचेरीत होते. बँकेत नामनिर्देशन होते. गॅसचे पुस्तक दादाच्या नावावर झाले. नानांचा मोबाइल क्रमांक दादाने बंद करून टाकला, मेलेल्या माणसाच्या नावाने चालू ठेवणे बरे नाही म्हणून. आणि पुस्तकांविषयी नाना पूर्वीच तोंडी सांगून गेले होते: "पुस्तके माईची." दादाने स्वतः टेम्पो आणला आणि ती अकराशे सहा पुस्तके, वही आणि तो टॅबलेट माझ्या घरी पोहोचवला.

रोज रात्री एक टिपण, असा मी नेम केला. एकदम वाचून संपवायला मन होईना. 'माईला विचारणे' अशी तोवर मला तीन सापडली होती. पहिले एका वाक्यातल्या शब्दावर होते, दुसरे जलरंगांविषयी. तिसरे एका कथेच्या शेवटाशी होते, आणि काय विचारायचे होते ते मी अजून शोधतेच आहे. पुढे आणखी किती आहेत ते ठाऊक नाही. कारण चार महिन्यांनी एके सकाळी त्या दुकानाने आपले आपण काही नवे रूप घेतले आणि पासवर्ड मागितला. तो भाच्याने ठेवला होता, भाच्याला आठवत होता. पण नुसत्या पासवर्डावर भागेना. खातेदाराच्या मोबाइलवर सहा आकडे पाठवले आहेत, ते टाका, असे यंत्र म्हणाले. सहा आकडे रीतसर बंद केलेल्या क्रमांकावर गेले.

मी कंपनीला लिहिले. उत्तरे फार सभ्य येत. प्रत्येक वेळी नवे नाव सही करी आणि प्रत्येकाला माझ्या वडिलांच्या निधनाचे तितकेच दुःख झालेले असे. शेवटी जे उत्तर आले त्याचा मथितार्थ इतकाच: खाते ज्याचे त्याचे, ते दुसऱ्याच्या नावावर होत नाही, त्यातली पुस्तकेही होत नाहीत, मात्र मृत्यूचा दाखला पाठवल्यास खाते कायमचे बंद करून देऊ. तो दाखला सातबाऱ्याला चालला, बँकेला चालला. इथे तो फक्त दार लावायला चालणार होता, उघडायला नाही.

मग मी त्यांच्या अटी वाचायला घेतल्या. इंग्रजीत होत्या, आणि चित्रकलेच्या बाईला शब्दकोश घेऊन बसावे लागले. तीन रविवार गेले. माझी खात्री आहे की त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत त्या संपूर्ण वाचणारी मी पहिली नसले, तरी पहिल्या शंभरात असेन. दुसऱ्या रविवारी ते वाक्य सापडले. पुस्तक विकलेले नसून वाचण्याची परवानगी दिलेली आहे; ती परवानगी त्या एका व्यक्तीपुरती आहे; ती देता येत नाही, विकता येत नाही, वारशाने जात नाही. बटणावर 'खरेदी करा', आणि आत, कोणी जाणार नाही अशा कोपऱ्यात, 'खरेदी नव्हे'. मराठीत आपण म्हणतो, विकतचे श्राद्ध घेऊन सव्यापसव्य करणे. इथे श्राद्धही विकतचे नव्हते.

वाचक म्हणतील, कागदाच्या पुस्तकाला असे कोणी केले असते का? केले होते. १९०४ साली अमेरिकेत 'द कास्टअवे' नावाची एक कादंबरी निघाली. बॉब्ज-मेरिल हे तिचे प्रकाशक. त्यांनी पुस्तकात छापून टाकले की किंमत एक डॉलर. कोणाही विक्रेत्याला त्याहून कमी किमतीला विकण्याचा परवाना नाही, आणि विकल्यास तो कॉपीराइटचा भंग समजू. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ती बेधडक एकोणनव्वद सेंटला विकली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०८ साली निकाल लागला: प्रत एकदा विकली, की तिच्यावरची प्रकाशकाची सत्ता संपली, पुढे ती कोण कितीला विकतो, हे प्रकाशकाने पाहायचे कारण नाही. ती कादंबरी आज कोणी वाचत असेल असे वाटत नाही, पण तिच्यावरचा निकाल अजून शिकवला जातो. कादंबरीकाराने हेवा करावा की धडा घ्यावा, असे हे अमरत्व!

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही हेच तत्त्व आहे. प्रती लोकांत प्रसृत करण्याचा हक्क लेखकाचा. पण आधीच प्रसृत झालेल्या प्रती त्यातून वगळलेल्या आहेत. कोरेगावच्या त्या रद्दीवाल्याने कायदा कधी पाहिला नसेल, पण त्याचा तराजू त्या चार शब्दांवर उभा आहे.

पडद्यावरच्या पुस्तकाला हे लागू पडत नाही, असे न्यायालये म्हणू लागली आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कागदाचे पुस्तक मी तुम्हांला दिले, की माझ्याकडची जागा रिकामी होते. पडद्यावरचे पाठवले, की त्याची नवी नक्कल तयार होते आणि जुनी माझ्यापाशी राहू शकते. हॉलंडमधल्या टॉम कॅबिनेट नावाच्या एका दुकानाने जुनी ई-पुस्तके विकायला काढली होती. डिसेंबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले, की परवानगीवाचून हे करता येणार नाही. कागद जीर्ण होतो, हे पुस्तक वापरून जुने होतच नाही, तेव्हा जुन्या प्रतीचा बाजार नव्या प्रतीला मारील. कादंबरीकार म्हणून मला हे पटते. माझ्या दोन कादंबऱ्यांच्या ई-आवृत्त्या आहेत. त्यांपैकी एक आमच्या शिक्षकांच्याच फोनांवरून फुकट फिरत फिरत, एका उत्साही सहकारी बाईंकडून 'वाचा, छान आहे' अशा शिफारशीसह मलाच आली. मी त्यांना 'हो का?' म्हटले. दुसरे काय म्हणणार?

कुलूप असायला माझी हरकत नाही. मालकाच्या पश्चात किल्ली कोणाकडे, एवढेच मी विचारते आहे. आणि मालक जिवंत असतानाही ती कोणाकडे असते, हे २००९ च्या जुलैत दिसून आले. ॲमेझॉन कंपनीच्या वाचनयंत्रांवरून काही गिऱ्हाइकांनी विकत घेतलेली दोन पुस्तके एका दिवसात नाहीशी झाली. ज्याने ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे हक्क नव्हते, असे कळल्यावर कंपनीने आपल्या जागेवरून ती पुसली आणि पैसे परत केले. ती पुस्तके होती जॉर्ज ऑर्वेलची 'अ‍ॅनिमल फार्म' आणि '१९८४'. ज्या कादंबरीत सरकार नको असलेला कागद भिंतीतल्या भोकात टाकून जाळते, तीच ही. कथेत असा योग जुळवून आणला, तर संपादक म्हणतील, बाई, जरा ओढूनताणून वाटते.

त्या वेळी मिशिगनमधला एक सतरा वर्षांचा विद्यार्थी शाळेच्या अभ्यासासाठी '१९८४' वाचत होता आणि टिपणे काढत होता. टिपणे राहिली, पुस्तक गेले. 'हा परिच्छेद पाहा' असे लिहिलेले आहे आणि परिच्छेदच नाही. तो कोर्टात गेला. कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली, आपले वागणे मूर्खपणाचे होते असे स्वतःच म्हटले, आणि गिऱ्हाइकांना पुस्तक टिपणांसकट परत किंवा तीस डॉलर, असे देऊ केले. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकानच बंद केले. त्यांनी आधी सांगितले, पैसे परत दिले, आणि ज्यांनी पुस्तकांत टिपणे केली होती त्यांना वर पंचवीस डॉलर दिले. व्यवहार म्हणून यात खोट काढायला जागा नाही. पण ते पंचवीस डॉलर वाचून मला हसू आले. टिपणांना काही किंमत असते हे त्यांना उमगले होते, एवढे तरी खरे. नानांच्या 'मुक्या मामी'चे मला किती मिळाले असते, असा हिशेब मी करून पाहिला आणि सोडून दिला.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने एक कायदा केला, तो जानेवारी २०२५ पासून अमलात आला. पडद्यावरची वस्तू देताना 'खरेदी' हा शब्द वापरायचा असेल, तर हा केवळ परवाना आहे हे गिऱ्हाइकाला ठळकपणे सांगा. वस्तू कायमची उतरवून आपल्यापाशी ठेवता येत असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणजे व्यवहार आहे तसाच राहिला, शब्द तेवढा दुरुस्त करायला लावला. हे थोडके झाले असे काही जणांना वाटते. मला नाही वाटत. आजी असती तर तिने हा कायदा पहिल्याप्रथम पास केला असता. आमच्या गावच्या वाचनालयात अनामत ठेवून, महिन्याची वर्गणी भरून पुस्तक घरी नेतो. ते परत करायचे असते हे पोरासोरांनाही ठाऊक असते. त्यात कोणाची फसवणूक झाल्याचे मी ऐकले नाही. नानांना कोणी 'हे वाचनालय आहे' असे सांगितले असते, तर त्यांनी वर्गणी भरली असती आणि आनंदाने वाचले असते. फक्त वहीत क्रमांक टाकले नसते. आणि टिपणे त्यांनी वेगळ्या कागदावर केली असती. वाचनालयाच्या पुस्तकात रेघ मारणाऱ्या माणसाला ते माणसात धरत नसत.

आपल्याकडे काय आहे, हे विचारायला मी माझ्या मावसभावाकडे गेले. तो वकील आहे. म्हणाला, "माई, कायदा आहे. एकोणीसचा ग्राहक संरक्षण कायदा जुन्या शहाऐंशीच्या कायद्याहून पुढचा आहे. 'अन्याय्य करार' म्हणून त्यात नवीन कल्पना आली आहे, एकतर्फी अटींसाठी. तुझे प्रकरण त्यात बसवून पाहता येईल."

"मग जिल्ह्याला अर्ज करू या ना!"

"तेवढेच अडते आहे. अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगाला ऐकता येत नाही. राज्य आयोगाकडे जावे लागते. पुस्तके सहा हजारांची, माझे येणेजाणेच बाराचे होईल. तुझ्याकडून फी घेणार नाही, ते सोड."

त्यानेच मला नोव्हेंबर २०२३ मध्ये निघालेली केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे दाखवली. पडद्यावरच्या दुकानांनी करू नयेत अशा तेरा क्लृप्त्या त्यात नावनिशीवार दिल्या आहेत. न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणे, वर्गणी सुरू करायला एक बोट आणि बंद करायला सात दारे, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणे, 'आता दोनच उरले' अशी खोटी घाई. वाचताना एकेक ओळखीचा चेहरा भेटावा तसे झाले. परवान्याला 'खरेदी' म्हणणे मात्र त्या तेरांत नाव घेऊन सांगितलेले नाही. चौदावी जागा मोकळी आहे, असे मी त्याला म्हटले. आणखी एक त्याने सांगितले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा जो कायदा आहे, त्यात आपल्या मृत्यूनंतर आपल्या माहितीविषयीचे हक्क कोणी बजावायचे, ते माणूस नेमून ठेवण्याचा अधिकार दिलेला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि हक्कांचा भाग अठरा महिन्यांच्या मुदतीने अमलात यायचा असे त्यांत आहे. पुस्तके त्यातून मिळतील असे नाही, टिपणे कदाचित. पण नानांनी कोणाला नेमले नव्हते. बँकेने त्यांना विचारले होते, पोस्टाने विचारले होते, एस.टी.ने विचारले होते. पुस्तकाच्या दुकानाने विचारले नव्हते.

ग्राहकांसाठी सरकारचा १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे; त्यावर मी तक्रार नोंदवली. पलीकडच्या मुलीने सगळे शांतपणे ऐकून घेतले, तक्रारीला क्रमांक दिला आणि मध्येच विचारले, "मॅडम, टिपणे म्हणजे नेमके काय लिहिलेले होते?" मी सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. आठवड्याने कंपनीचे उत्तर आले. तोच मजकूर, नवी सही. भाचा म्हणाला, "आत्या, मी कुठून तरी कुलूप तोडून देतो." कॉपीराइट कायद्यात २०१२ साली असे कुलूप तोडण्याविषयी कलम आले आहे. हक्कभंगाच्या हेतूने तोडले तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माझा तसा हेतू नव्हता, आणि मावसभाऊ म्हणाला की भांडता येईल. पण टिपणे त्या टॅबलेटात नव्हतीच, कंपनीकडे होती. तोडायचे कुलूप दुसऱ्याच्या घराचे.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट मी विसरत नाही. त्या पडद्याने नानांना पाच वर्षे वाचायला दिले. कागदाने देणे बंद केले होते, तेव्हा दिले. माझ्याकडे कोणी म्हातारी माणसे डोळ्यांची तक्रार करू लागली, तर मी अजूनही त्यांना तेच यंत्र सुचवते. फक्त खाते कोणाच्या नावाने काढायचे, क्रमांक कोणाचा द्यायचा, आणि टिपणे महिन्या-दोन महिन्यांनी कागदावर कशी उतरवून घ्यायची, हे सोबत सांगते. गेल्या मे महिन्यात गावात तिघांना हे करून दिले. त्यातल्या एका आजोबांनी टिपणे करीतच नाही असे सांगितले, आणि मला हायसे वाटले.

वही मात्र माझ्याकडे आहे, आणि तिच्यात एकेचाळीस नावे आहेत. ती पुस्तके मी कागदावर जमवीत आहे. आतापर्यंत बावीस झाली. काही नवी मिळाली, काही पुण्याच्या पदपथावर, एक शाळेच्या जुन्या ग्रंथालयाच्या रद्दीतून, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन. नवे क्रमांक मी टाकीत नाही. नानांच्याच क्रमांकापुढे, 'हवेतून'च्या खाली, बारीक अक्षरात कुठून मिळाले ते लिहिते. मध्यरात्रीच्या एस.टी.ची कादंबरी आली, तेव्हा ते पान शोधून समासात पेन्सिलीने 'मुक्या मामी' लिहून ठेवले. त्याच पानावर आधीच्या कोणा वाचकाची रेघ होती, त्याच वाक्याखाली. त्यालाही शंका आली असावी.

एकोणीस उरली. त्यांतली सोळा आज ना उद्या मिळतील. उरलेली तीन मात्र कागदावर कधी छापलीच गेलेली नाहीत, असे प्रकाशकांकडून कळले. ती फक्त पडद्यावर आहेत. त्यांतल्या एकाच्या लेखकांचा पत्ता मी मिळवला आणि पत्र घातले. तुमच्याकडे हस्तलिखित असेल तर मला त्याची छायाप्रत हवी आहे, खर्च मी देईन, कोणाला दाखवणार नाही, आणि ती का हवी आहे तेही सविस्तर लिहिले. तिसरे 'माईला विचारणे' त्यांच्याच एका कथेच्या शेवटाशी आहे. दोन महिने झाले. उत्तर अजून यायचे आहे.